धिंड काढून झाल्यावर पुढे काय?

पुण्यात कोयते नाचवत गाड्या फोडल्याची बातमी आली की त्यानंतर काय काय होणार हे आता पुणेकरांना पाठ झालं आहे. दोन-चार दिवसांत पोरं सापडतात. ज्या वस्तीत त्यांनी धुडगूस घातला त्याच वस्तीतून पोलीस त्यांना पायी फिरवतात, बघ्यांचे मोबाइल वर होतात, रात्रीपर्यंत व्हिडिओ जिल्ह्याबाहेर पोचतो आणि त्याखाली 'असंच पाहिजे' म्हणणाऱ्यांची रांग लागते. त्यात एखादा सोळा-सतरा वर्षांचा निघाला की मागणी पुढे सरकते: वयाची अट खाली आणा, मोठ्यांसारखी शिक्षा द्या, यांना कायद्याचा धाक उरलेला नाही. मग दुसऱ्या बाजूची माणसं बोलू लागतात. गरिबी, शाळागळती, दारुडा बाप, बेरोजगारी. त्यावर पहिली बाजू विचारते, गरीब तर लाखो आहेत, ते सगळे कुठे कोयते घेऊन फिरतात? या प्रश्नाला दुसरी बाजू नीट उत्तर देत नाही. वाद तिथेच थांबतो, पुढच्या बातमीपर्यंत.

हा वाद चुकीच्या प्रश्नावर चालला आहे असं माझं मत आहे. दोन्ही बाजू एकच गोष्ट विचारतात: हा पोरगा असा झाला कशामुळे? गुन्हेगारीच्या समाजशास्त्राने गेल्या शतकभरात या प्रश्नाची बरीच उत्तरं दिली. त्याहून मोलाचं जे त्याने शिकवलं ते असं, की गुन्ह्याकडे वळलेली बहुसंख्य मुलं पुढे थांबतात, आणि ती थांबण्याची कारणं वळण्याच्या कारणांपेक्षा पुष्कळदा वेगळी असतात. कुणाचं बालपण सरकारला परत घडवता येत नाही. थांबण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. आज आपण टाळ्या वाजवून ज्या उपायांचं स्वागत करतो, त्यांतले बहुतेक नेमक्या याच वाटा बुजवतात. ते कठोर आहेत म्हणून माझी तक्रार नाही. ते उलटे पडतात म्हणून आहे.

सुरुवातीच्या कारणांबद्दलचे सिद्धांत टाकाऊ आहेत असं मुळीच नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३८ साली मांडलं, की समाज सगळ्यांसमोर यशाचं एकच चित्र ठेवतो, पण तिथे पोचायची सरळ साधनं सगळ्यांना सारखी देत नाही. या ताणातून काही जण साध्य तेच ठेवून साधन बदलतात. चौकातला एखाद्या 'भाई'च्या वाढदिवसाचा फ्लेक्स पाहा. गाडी, गळ्यातली साखळी, मागे उभ्या पन्नास पोरांचे चेहरे. नवीन गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत जी ऐट विकली जाते तीच इथेही आहे. शिकागोत शॉ आणि मॅके यांनी दाखवलं, की शहराच्या काही भागांत एका देशातून आलेले लोक जाऊन दुसऱ्या देशातले राहायला आले तरी बालगुन्हेगारीचं प्रमाण तिथे चढंच राहिलं. म्हणजे खोट कुणाच्या रक्तात नव्हती. एडविन सदरलँडने सांगितलं की गुन्हा शिकावा लागतो, जवळच्या माणसांकडून, आणि त्यात नुसती हातोटी येत नाही, 'त्यानेच आधी खुन्नस दिली' यासारखी समर्थनंही येतात. याच सदरलँडने १९३९ साली प्रतिष्ठित, उच्चपदस्थ माणसांच्या गुन्ह्यांकडे बोट दाखवलं आणि गरिबी हेच गुन्ह्याचं मूळ या समजुतीला सुरुंग लावला. 'गरिबीमुळे' एवढंच बोलून थांबणाऱ्यांनी तो धडा विसरू नये.

मात्र १९६४ साली डेव्हिड मॅट्झाने या सगळ्या मांडणीला एक अडचणीचा प्रश्न केला. तुमचं म्हणणं खरं असेल, तर आहेत त्याच्या कितीतरी पट मुलं गुन्हेगार असायला हवीत, आणि जी आहेत ती जन्मभर तशीच राहायला हवीत. प्रत्यक्षात वस्ती तीच, घर तेच, खिसा तेवढाच रिकामा, आणि तरीही बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाजूला होतात. हे कसं? खरं तर ही गोष्ट नवी नव्हती. बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने १८३१ सालीच फ्रान्समधल्या खटल्यांचे आकडे वयानुसार मांडून दाखवलं होतं, की गुन्ह्याकडचा कल तारुण्यात झपाट्याने चढतो आणि पुढे उतरत जातो. त्यानंतर राज्यं बदलली, कायदे बदलले, शिखराचं वय मागेपुढे झालं, पण आलेखाचा साधारण आकार ठिकठिकाणी तसाच सापडत राहिला. मोबाइल, रील आणि 'आजकालचे संस्कार' यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. वय हेच निम्मं औषध असेल, तर शिक्षेने निदान त्या औषधाच्या आड येऊ नये, एवढी अपेक्षा वाजवी नाही का?

या प्रश्नावर मला सर्वांत शिकवून गेलेला अभ्यास बॉस्टनचा आहे. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने १९४०च्या आसपास तिथल्या सुधारगृहांतली ५०० मुलं आणि त्यांच्यासारख्याच गरीब वस्त्यांतली, पण गुन्ह्यात न सापडलेली ५०० मुलं निवडली आणि ती तिशी ओलांडेपर्यंत त्यांचा माग ठेवला. पुढे हे सगळे कागद हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून राहिले. १९८०च्या दशकात रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ती खोकी उघडली, आकडे नव्याने मांडले आणि नंतर त्यांतल्या काही माणसांना वयाच्या सत्तरीच्या आसपास शोधून काढून त्यांच्याशी बोलले. सुधारगृहात गेलेली ही मुलं किरकोळ व्रात्य नव्हती. तरी त्यांतले जवळपास सगळे आयुष्यात कधी ना कधी थांबले, कुणी विशीत, कुणी पन्नाशीत. बालपणीच्या नोंदी पाहून कोण लवकर थांबेल आणि कोण रेंगाळेल हे काही केल्या आधी सांगता येईना. फरक पाडला तो मोठेपणी जुळलेल्या नात्यांनी: टिकणारी नोकरी, जीव लावणारा जोडीदार, काहींच्या बाबतीत सैन्य. या गोष्टींनी जुनं टोळकं मागे सुटलं, दिवसाला वेळापत्रक आलं, संध्याकाळी कुणीतरी वाट पाहू लागलं आणि गमवायला काहीतरी हातात आलं. याच अभ्यासात हेही दिसलं, की तरुणपणी जितका काळ तुरुंगात गेला तितकी पुढची नोकरी अस्थिर झाली, आणि नोकरी अस्थिर झाली की गुन्हा लांबला.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. ही सगळी गोरी मुलं होती. ती विशीत आली तेव्हा अमेरिकेत महायुद्धानंतरची भरभराट होती, कारखान्यांना माणसं हवी होती आणि सैन्यातून परतलेल्यांना सरकार शिक्षणासाठी आणि घरासाठी पैसे देत होतं. ते बॉस्टन आज पिंपरी-चिंचवडमध्ये कुठून आणायचं? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि माझ्या मते तो माझीच बाजू बळकट करतो. बॉस्टनची मुलं उपदेशाने थांबली नाहीत. त्यांना थांबून उभं राहायला जागा मिळाली. आपल्याकडे ही जागा जाते तेव्हा काय होतं ते मुंबईने पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं त्यात उतरली आणि गिरणगाव पुन्हा कधी उभं राहिलं नाही. बापाच्या जागी मुलगा गिरणीत लागण्याची जी एक ठरलेली वाट होती ती बंद झाली, आणि त्या चाळींतली काही पोरं पुढच्या वर्षांत टोळ्यांच्या हाती लागली. टोळ्या संपाआधीही होत्या, दारूच्या आणि तस्करीच्या पैशावर पोसलेल्या, हे खरं. तरीही व्यायामशाळा, गणेशोत्सव, कबड्डी सगळं तसंच असताना एकट्या पगाराच्या जाण्याने केवढा फरक पडला! संस्कार एका वर्षात आटत नाहीत. नोकऱ्या आटतात.

लग्नाबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण 'दोनाचे चार हात झाले की सुधारेल' हा सिद्धांत आपल्या घराघरांत बॉस्टनच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे. सॅम्पसन आणि लॉब यांचं नाव घेऊन त्याला दुजोरा देणं मला अजिबात मान्य नाही. त्यांनी मोजलं ते लग्नाचं बंधन नव्हतं, त्या नात्यातली ओढ आणि त्याने बदललेला दिनक्रम होता. आपल्याकडे मात्र बिघडलेल्या पोराला सुधारण्याचं काम अठरा-एकोणीस वर्षांच्या, कधी त्याहूनही लहान मुलीवर टाकलं जातं. ती मार खाते, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढते, जामिनासाठी मंगळसूत्र गहाण ठेवते. समाजाने आणि सरकारने करायचं काम एका मुलीच्या गळ्यात बांधणं याला सुधारणा म्हणता येणार नाही.

आता शिक्क्याबद्दल, म्हणजे 'हा गुन्हेगारच' असं एकदा ठरवून टाकण्याबद्दल. विल्यम चॅम्ब्लिसने १९७३ साली अमेरिकेतल्या एका शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांबद्दल लिहिलं. एकात चांगल्या घरची आठ मुलं, दुसऱ्यात गरीब घरची सहा. शाळा बुडवणं, दारू, तोडफोड, बेदरकार गाडी चालवणं यांत पहिलं टोळकं मुळीच कमी नव्हतं. फक्त त्यांच्याकडे मोटारी होत्या, ती गावाबाहेर जाऊन धिंगाणा घालत आणि पकडली गेली तर अदबीने माफी मागत. त्यांतला एकही कधी अटक झाला नाही आणि एक वगळता सगळे कॉलेजात गेले. गरीब मुलं गावाच्या डोळ्यांसमोर होती, पोलिसांच्या कायम नजरेत होती, आणि गावाने त्यांना जसं मानलं तसंच त्यांच्यातल्या काहींचं पुढे झालं. आता आपल्याकडे पाहू. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव पोर्श घालून दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता, आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचं उघड झालं. राज्यभर संताप उसळला आणि तो रास्त होता. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र मला पटला नाही. 'अल्पवयीनांना दया दाखवणारा कायदाच रद्द करा' असं म्हणताना आपण हे पाहिलं नाही, की त्या रात्री बिघाड पैशाने विकत घेतलेल्या पुराव्यात होता. आणि कायदा कडक केला तर त्याचा फटका कुणाला बसणार? ज्याच्या बापाला रातोरात वकील उभा करता येतो त्याला, की ज्याची आई सकाळी धुणीभांडी सोडून ठाण्याबाहेर बसते त्याला? एका श्रीमंत मुलाला सवलत मिळाली म्हणून ती सगळ्या गरीब मुलांकडून काढून घेणं हा कसला न्याय?

शिक्का किती खोल जातो हे महाराष्ट्राला अमेरिकेकडून शिकायची गरजच नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा, की या देशात जसा सुताराचा मुलगा सुतार होतो तसा काही जातींत गुन्हा वंशपरंपरेने चालतो. पुढे हा कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला आणि पारधी, कैकाडी, माकडवाला, भामटा अशा कित्येक समूहांची जन्मतःच नोंद होऊ लागली. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवणारी वसाहत, उभी राहिली; आत जन्मलेलं मूल काहीही न करता गुन्हेगार ठरत होतं. आता शेजारी पाहू. सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या आटपाडीजवळ, त्या वेळच्या औंध संस्थानात, १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. तिथे खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी ठेवले गेले, भिंतीशिवाय आणि कुंपणाशिवाय, शेती करायला. बायकामुलांसह राहायची मुभा मिळाली. एकाच दशकात, शेजारशेजारच्या मुलखात, गुन्हा न केलेली माणसं तारेच्या आत होती आणि खून केलेली माणसं मोकळ्या रानात. स्वतंत्रपूरची वसाहत आजही चालू आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि त्याच माणसांवरची तीच नजर नव्या नावाने चालू राहिली. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमधले जातीवरून काम वाटणारे आणि विमुक्तांना (म्हणजे याच जुन्या 'गुन्हेगार' जमातींना) जन्मजात सराईत मानणारे नियम रद्द करावे लागले. दीडशे वर्षांच्या या प्रयोगातून त्या जमातींमधली गुन्हेगारी घटली असं कुणी छातीठोक म्हणू शकेल? चोरी झाली की आजही आधी पारध्यांच्या पालावर जीप जाते.

समोरच्या बाजूचे तीन मुद्दे मला खरे वाटतात, आणि ते टाळून हा लेख पुढे जाऊ शकत नाही. पहिला, ज्याचं डोकं कोयत्याने फुटलं त्याला आलेखांचं काय करायचं? फुटलेल्या गाड्या बहुधा बंगल्यातल्या नसतात. त्या रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्याच्या, हप्त्यावर घेतलेल्या असतात, आणि त्या वस्तीतल्या माणसाला रात्री निर्धास्त झोपण्याचा हक्क आहे. दुसरा, थोडी माणसं खरोखरच थांबत नाहीत, निदान लवकर तरी नाहीत. फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या दहा हजारांच्या आसपास मुलांच्या अभ्यासात ६.३ टक्के मुलांनी त्या पिढीच्या निम्म्याहून जास्त गुन्ह्यांचा भार उचलला होता. तिसरा, टोळ्यांचे म्होरके मुद्दाम अल्पवयीनांना पुढे करतात, कारण त्यांना शिक्षा कमी होते हे त्यांना माहीत असतं.

पहिल्याबद्दल वाद नाही. अटक, खटला आणि गुन्हा सिद्ध झाल्यावर शिक्षा झालीच पाहिजे, आणि पीडिताला भरपाई मिळाली पाहिजे, जी आज अपवादानेच मिळते. दुसऱ्या मुद्द्यात अडचण अशी, की त्या सहा टक्क्यांना सोळाव्या वर्षी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग कुणाकडे नाही. त्या वयात न थांबणारा आणि तीन वर्षांत थांबणारा, दोघे सारखेच उद्दाम दिसतात. १९९०च्या दशकात अमेरिकेने हीच चूक केली. काही अभ्यासकांनी दयामाया नसलेल्या क्रूर किशोरांची लाट येणार असं भाकीत केलं, राज्याराज्यांनी मुलांना प्रौढांच्या कोर्टात ढकलणारे कायदे केले. लाट आलीच नाही. किशोरांची हिंसा घटत गेली. आणि २००७ साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञांच्या आढाव्यात निष्कर्ष निघाला, की प्रौढांच्या व्यवस्थेत पाठवलेली मुलं बालन्यायाच्या व्यवस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा पुढे जास्त हिंसा करतात. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने देश पेटलेला असतानाही वय खाली आणायला नकार दिला होता. तो सल्ला बाजूला ठेवून २०१५च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांसारखा खटला चालवायची वाट उघडली. म्हणजे आज जी मागणी होते तिचा मोठा भाग दहा वर्षांपासून कायद्यात आहे, आणि तरी कोयते थांबलेले नाहीत. देशभर नोंद होणाऱ्या दंड संहितेच्या गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच आहे, हेही सोबत ध्यानात घ्यावं.

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर तर कायद्यातच लिहिलेलं आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ नुसार मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये मुलाला गुन्ह्यासाठी हाताशी धरणाऱ्याला किमान तीन वर्षं कैद आहे. म्होरक्याने पोराला पुढे केलं असेल तर म्होरक्याला पकडा. पोराला जास्त शिक्षा दिल्याने म्होरक्याचं काय बिघडतं? त्याला दुसरा पोरगा मिळतो, आणि आत गेलेला बाहेर येतो तेव्हा त्याच्या दारात उभं राहणारा एकमेव माणूस तोच म्होरक्या असतो.

धिंडीची बाजू घेणारे म्हणतात की लाज वाटली तरच माणूस सुधारतो. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञाने लाजेच्या या ताकदीवरच १९८९ साली एक अख्खा सिद्धांत उभा केला. त्याची अट महत्त्वाची आहे: लाज वाटायला लावणारी माणसं आपली असावी लागतात, आणि लाजवून झाल्यावर त्यांनी त्याला पुन्हा पंगतीत बसवावं लागतं. आजोबा चारचौघांत कान उपटतात आणि संध्याकाळी जेवायला हाक मारतात, त्यात ही ताकद असते. अनोळखी हजारोंच्या मोबाइलसमोर फिरवण्यात परतीची हाक नसते. उलट ज्या पोराला ओळख हवी होती त्याला ती पोलिसांच्या खर्चाने मिळते. त्याच व्हिडिओला गाणं लावून त्याचे मित्र रील बनवतात आणि वस्तीत त्याचं वजन वाढतं. कायद्यात धिंड नावाची शिक्षा नाही, आणि अल्पवयीनाची ओळख उघड करणं हा तर स्वतःच गुन्हा आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून व्रात्य मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम भरवण्याची योजना लोकप्रिय झाली होती. पालक खूश, टीव्हीवाले खूश. नियंत्रित प्रयोग करून पाहिलं तेव्हा आढळलं, की तिथे नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केले.

धिंड निदान तासाभरात संपते. जास्त नुकसान शांतपणे चालणाऱ्या कागदांनी होतं. तडीपारी घ्या. दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढलं की वस्ती सुटकेचा श्वास घेते, हे मी नाकारत नाही. मात्र त्या पोराचं घर, आई, कामाची जागा, सगळं त्याच हद्दीत असतं. परक्या तालुक्यात त्याला आसरा देणारा बहुधा टोळीतलाच ओळखीचा निघतो. गणपती जवळ आले किंवा निवडणूक लागली की 'रेकॉर्डवरच्या' सगळ्यांना प्रतिबंधक कारवाईसाठी उचललं जातं. त्यात तीन वर्षं इमाने गॅरेजात राबणाराही सापडतो, रोज बुडतो आणि मालकाला कळतं. डिलिव्हरी, सुरक्षारक्षक, कंपनीतला कंत्राटी हेल्पर, या पोरांना मिळू शकणाऱ्या बऱ्याचशा कामांना आज चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकऱ्यांसाठी पाठवून पाहिले. तुरुंगवासाची नोंद नसलेल्या गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, नोंद असलेल्याला १७. काळ्याला नोंद नसताना १४ आणि नोंद असताना ५. नोंदीने संधी निम्म्यावर आणली, आणि निष्कलंक काळ्याची संधी शिक्षा भोगलेल्या गोऱ्याहूनही कमी ठरली. हा शेवटचा आकडा वाचताना मला पालावरचे पारधी आठवतात, ज्यांचं आडनाव हीच नोंद असते.

लिव्हरपूलमध्ये शॅड मारुनाने गुन्हे सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या आयुष्यकथा ऐकून २००१ साली त्या प्रसिद्ध केल्या. दोन्ही गटांचं बालपण सारखंच होरपळलेलं. न सोडलेले म्हणत, आता माझ्या हातात काही उरलेलं नाही. सोडलेले म्हणत, मी मुळात वाईट नव्हतो, वाट चुकलो, आणि कुणीतरी माझ्यावर भरवसा टाकला. ही कथा तंतोतंत खरी असते असं नाही. माणसाला उभं राहायला ती लागते, आणि ती तो एकटा रचू शकत नाही. दुसऱ्या कुणीतरी ती आधी मान्य करावी लागते. पोलीस ठाण्यातल्या फलकावर सराईत म्हणून फोटो लावलेला असेल तर ती मान्य करणार कोण?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ब्रिटनने १९७४ साली केला तसा कायदा इथेही हवा: ठरावीक वर्षं स्वच्छ गेली की किरकोळ आणि मध्यम शिक्षांची नोंद नोकरीसाठी विचारात घेता येणार नाही. अल्पवयीन असतानाच्या नोंदी नष्ट करायचं कलम २४ आज बाल न्याय कायद्यात आहे. ते पाळलं जातं की नाही हे जिल्हावार जाहीर व्हावं. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्याची तरतूदही आहे. तिच्यासाठी पैसा आणि परिवीक्षा अधिकारी द्यावेत. तडीपार करण्याआधी त्या मुलाला काम आहे का, घरात कोण आहे, याची नोंद आदेशात सक्तीची करावी. आणि आमदारांनी विधानसभेत वय कमी करण्याची मागणी पुन्हा करण्याआधी गृहखात्याला एवढं विचारावं: गेल्या पाच वर्षांत पुण्यात मुलांना गुन्ह्यासाठी वापरल्याबद्दल कलम ८३ खाली किती म्होरक्यांवर आरोपपत्र दाखल झालं, आणि ज्यांची धिंड काढली त्यांपैकी आज किती जण कामाला लागले आहेत?